सेकंडचा माल

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या
की सत्तय्या मामा चादरींचं गाठोडं पाठीला मारायचा
आणि अशोक चौकातून स्टेशनापर्यंत चालत निघायचा.
रिक्षाचे पैसे वाचतात म्हणे.
मला वाटतं, गल्लीनं त्याला जाताना बघावं म्हणून.

आई उंबऱ्यातून विचारायची, एंदुकु?
घरात आम्ही तेलुगू, दारात मराठी,
वाण्याकडे कन्नड, भांडणात तिन्ही.
एंदुकु म्हणजे कशासाठी.
इथं माग आहे, शनिवारचा पगार आहे,
थोडा का होईना, हातात पडतो.
मामा म्हणायचा, आपण नुसत्या विणतो, अक्का.
पांघरायला थंडी लागते. ती तिकडे आहे.

उत्तर खरं होतं,
पण पुरत नव्हतं.
कारण होळीच्या सुमाराला तो परतायचा
तेव्हा वहीत नफा म्हणावा असा नसायचाच.
मग असायचं काय, तर
खंडव्यात पत्ता विचारला की हनुवटीनं दाखवतात,
इटारसीत हात धरून कोपऱ्यापर्यंत नेतात,
आणि पुढं कुठल्याशा खेड्यात
आधी पाणी पी म्हणतात, पत्ता नंतर.
आम्ही पोरं दोन दिवस गल्लीभर
हनुवटीनं पत्ते सांगत हिंडायचो.
एका वर्षी त्यानं भोपळ्याचं बी आणलं.
उगवलं नाही.
आई म्हणाली, बघ.

त्यानं मला ते सांगितलं फार उशिरा,
मे महिन्यात, गच्चीवर पाणी मारून पडलो होतो तेव्हा.
बंद गिरणीची चिमणी चांदण्यात उभी.
बैतूलच्या अलीकडे तापानं पडला होता तो,
शाळेच्या ओट्यावर, गाठोड्याला टेकून.
एका बाईनं घरात नेलं.
त्यानं तिला ओळखलं.
तिनं त्याला ओळखलं की नाही, अजून कळलेलं नाही.
मागच्या वर्षी त्यानंच तिला चादर विकली होती,
सेकंडचा माल, फर्स्टच्या भावानं,
खोड आतल्या घडीत दाबून.

तीच तिनं त्याच्या अंगावर घातली.

रात्रभर बोट त्याच जागी जायचं, मामा म्हणाला.
मोराच्या मानेपाशी चार धागे तुटलेले.
दिसत नव्हते, म्हणून जास्तच कळत होते.

मग पैसे परत दिलेस?
तो गप्प.
खाली कुणाचा तरी माग धडधडत होता.
नाही दिले.
सकाळी तिनं मक्याची भाकरी दिली, ती खाल्ली.
हिंमत आली तोवर गाव मागं गेलं होतं.

पण त्यानंतर तो गिऱ्हाइकाच्या दारात
सगळ्या घड्या उलगडायचा,
खोड असली तर आपल्याच बोटानं दाखवायचा.
धंदा निम्म्यावर आला.
आईनं विचारलंच, एंदुकु?

आता मामा नाही.
मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
माझ्या हातून रोज हजारो टॉवेल परगावी जातात
आणि मी एमआयडीसी ते घर, घर ते एमआयडीसी.
परवा, कुणाला न विचारता,
विजयनगरमचं तिकीट काढलं.
ओळखीचं कुणी नाही तिथं.
माझं तेलुगू ऐकून हसतील लोक,
त्यात निम्मं सोलापूर आहे.
हसू देत. चार धागे तुटलेले माझ्यातही असतील,
इथं सगळी घडी पाठ आहे सगळ्यांना,
कोण कशाला उलगडून बघतंय.

निघताना आई दारात. ऐंशीची झाली,
शेंगा चटणीची पुडी बांधून दिलेली,
तरी विचारलंच तिनं, एंदुकु?

मी काही बोलले नाही.
हनुवटीनं स्टेशनाकडे दाखवलं.

बघत राहिली थोडा वेळ.
मग म्हणाली, थांब,
आधी पाणी पी.